इंजन पारवं होतं

सांगायचं एवढंच आहे, की एका जुन्या ट्रकच्या इंजनाला कारखान्यातून कोणता रंग देऊन पाठवलं होतं, हे शोधायला आमचा अख्खा उन्हाळा गेला. ट्रकचा रंग नाही हां, इंजनाचा! बॉनेटखाली झाकलेलं असतं ते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. आता सगळं संपलंय, तरी माझ्या नखांच्या कडेला अजून हिरवट गाळ आहे आणि खांदे असे दुखतात की टाइपरायटरचं कॅरेज ढकलताना तोंडातून ‘आई गं’ निघतं. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून भरभर सांगते, चुकलं तर पुढं खोडीन.

लोहाऱ्याकडं एका सहकारी संस्थेत मी टायपिस्ट आहे. नोकरी अजून पक्की नाही. संस्था निघाली त्या साली तिनं एक विलायती बनावटीचा ट्रक घेतला, लांब नाकाचा, पेट्रोलवर चालणारा. त्यावर पहिल्या दिवसापासून ड्रायव्हर होते माझे आबा, म्हणजे वडील. खत, बी-बियाणं, कडबा, सरकी, सगळं त्यांनी त्याच गाडीनं ओढलं. बहात्तरच्या दुष्काळात मागं लोखंडी टाकी बसवून नळदुर्गाकडनं पाणी आणलं आणि गावोगाव वाटलं. मी तेव्हा लहान होते. आबा घरी यायचे ते घाण्यातून सोडलेल्या बैलासारखे, बसल्या जागी झोपायचे. पुढं डिझेलच्या गाड्या आल्या आणि हा ट्रक गोदामामागं लिंबाखाली उभा राहिला तो राहिलाच. मग आबाही घरी बसले.

यंदा संस्थेला पंचवीस वर्षं झाली. चेअरमनसाहेबांनी ठरवलं, पहिली गाडी पुन्हा चालू करायची, कारखान्यातून निघाली होती तशी करायची, आणि कार्यक्रमाच्या दिवशी गेटपासून मंडपापर्यंत आणायची. चालवणार कोण? आबा. ते ऐकून आबांनी त्या दिवशी दोन वेळा दाढी केली, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. कार्यक्रमाला तीन महिने होते!

जुन्या गाड्यांचा नाद असलेली पुण्याची काही मंडळी आहेत, त्यांना कळवायचं पत्र मीच टाइप केलं. उत्तर आलं, बघायला येऊ, पण आधी कळवा, इंजनाचा मूळ रंग कोणता होता? बाहेरून तर कुणीही रंगवतं, बॉनेट उघडल्यावर समजतं काम किती खरं झालंय. आमचे हेडक्लार्क साहेब ते पत्र माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, “घे बाई. हे तुझं. तुझ्या वडलाची गाडी, तूच शोध.”

मला तर आनंदच झाला! म्हटलं आठ दिवसांचं काम. कंपनीला इंग्रजीतनं पत्र पाठवलं. महिन्यानं उत्तर आलं, ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला, रंगाचे कागद आमच्याकडं नाहीत, उष्णता सोसणारा कोणताही चांगला रंग वापरावा. कोणताही! आणि ते पत्र येईपर्यंत इकडं नळदुर्गाचे मिस्त्री येऊन बसले होते.

हायवेवर त्यांचं गॅरेज आहे, हयात ट्रकांखाली गेलेली. मी त्यांना चाचा म्हणते. आबांना ते उस्ताद म्हणतात. त्यांनी इंजन खाली उतरवून ओंडक्यांवर ठेवलं, बोट थुंकीनं ओलं करून ब्लॉकवर घासलं आणि म्हणाले, “बेटी, ह्याच्या अंगावर तर पोळ्याचे बैल नाचलेत.”

मला कळेना. मग त्यांनी पत्र्याच्या धारदार पातीनं एक कोपरा उतरता खरवडला, कांदा कापल्यावर दिसतात तसे थर दिसायला लागले. वर चंदेरी. त्याखाली लाल. त्याखाली पुन्हा लाल, जरा गुलाबी. मग निळा, मग भगवा, मग पुन्हा लाल. मी मोजता मोजता दमले. आमच्याकडं खंडेनवमीला गाडी धुऊन इंजनाला रंगाचा एक हात मारायची रीत आहे. दरसाल रंग विकत कोण आणणार? पोळ्याला बैलाच्या शिंगांसाठी डबा आणलेला असतो, त्यातला उरतो, तोच दसऱ्याला इंजनाला. जे शिंगाला ते इंजनाला. आमचे आबा धम्म घेतल्यापासून पूजा-नारळ काही करत नाहीत, पण गाडी धुणं-रंगवणं त्यांनी कधी चुकवलं नाही. म्हणायचे, “देवाचं देवाजवळ, लोखंडाला गंज कुणाची जात बघून लागत न्हाय.”

म्हणजे आम्हाला शोधायचं होतं सगळ्यात खालचं. चाचा म्हणाले, “माणूस झूठ बोलंल, लोखंड न्हाय. जो रंग लोखंडाला चिकटलाय तो कंपनीचा.” मग काय, खरवडा! ऑफिस सुटलं की मी गोदामामागं. पाणी नव्हतंच, यंदाही टँकर तीन दिवसांआड. हात धुवायचे तर रॉकेलनं, मग राखेनं, मग कोरड्या मातीनं. स्टार्टरमागं, पंपाखाली, जिथं ब्रश नीट पोचत नाही तिथं काचपेपर घेऊन बसायचं. आणि जिथं जाईल तिथं, सगळ्यात खाली, लोखंडाला चिकटून, एकच रंग निघायचा. हिरवा. शेवाळ्यासारखा, जरा मळका, पण हिरवाच.

“हिरवा!” मी ओरडलेच. चाचा म्हणाले, “हिरवाच. मिलिटरीच्या गाड्यांचा असतो तसा.”

त्या दिवशी आबा आले होते. रोजच यायचे, बादली पालथी घालून बसायचे, पाना हातात देत राहायचे. ते वाकले, खरवडलेल्या जागेवरनं अंगठा फिरवला आणि मान हलवली.

“हिरवा न्हाय. पारवा होता.”

चाचा म्हणाले, “उस्ताद, पंचवीस वरसं झाली.”

“झाली असतील. सोलापूरवरनं गाडी आणायला मीच गेलतो. पयलं बॉनेट मी उघडलंय. पारव्याच्या पाठीसारखा रंग होता, निळ्याकडं झुकलेला. मला वाटलं, यवढा चांगला रंग झाकून का ठेवला आसंल.”

तेवढ्यात हेडक्लार्क साहेब आले. काम कुठवर आलं बघायला ते रोज चहानंतर एक फेरी मारायचे. त्यांना चाचांनी सांगितलं, की थर हिरवा सांगतोय आणि उस्ताद निळा सांगतायत. साहेब हसले आणि आबांकडं बघून म्हणाले, “तुमचं काय घेऊन बसलाय! घराचं दार निळं, खिडकी निळी, झेंडा निळा. आता इंजन बी निळंच दिसणार तुम्हाला!”

सोबत गोदामाचे दोन हमाल होते, ते फिस्सकन हसले. साहेबांनी वाईट मनानं म्हटलं का, मला अजून ठरवता येत नाही. चहा पिऊन आलेल्या माणसासारखं सहज म्हटलं, आणि ते सहजच जास्त लागलं. आबा उठले. बादली सुलटी केली, पाना पुसून डब्यात ठेवला आणि चपला घातल्या.

आणि मी? मी गप्प बसले. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटलं, आबांची चूक होत असेल. आमचं दार निळं आहेच की. माणसाला आपलं जे असतं ते आठवणीतसुद्धा दिसत असेल. डोळ्यांसमोर हिरवं दिसत होतं!

घरी गेल्यावर आबा म्हणाले, “उद्यापासनं मी येत न्हाय. आन् ती गाडी बी मी चालवत न्हाय.”

“आबा, तुम्ही असं—”

“त्या गाडीवर माझी उमर गेली. तिचंच मी खोटं सांगतो म्हणत्यात. खोट्या माणसानं कशाला चालवावी? दुसरा बघा म्हणावं, लायसनवाले लई हायेत.”

आई म्हणाली, “रंगाचंच तर हाय, तुम्ही बी…”

“रंगाचं न्हाय ते,” आबा म्हणाले आणि कूस बदलून पडले.

मग सुरू झालं हिरवा रंग जुळवणं. माझा जीव निम्मा त्यातच गेला. खपली कागदात बांधून एसटीनं सोलापूरला जायचं, पेंटच्या दुकानात उभं राहायचं, दुकानदार दोन-तीन डब्यांतनं मिसळून द्यायचा. दुकानात जुळायचा, बाहेर उन्हात धरला की पोपटी. दुसऱ्या खेपेला उन्हात जुळला, पण वाळल्यावर काळवंडला. तिसऱ्या खेपेला वाळूनही बरोबर राहिला, तर इंजन चालू करून तापवल्यावर ब्लॉकवर फोड आले, पोळीला येतात तसे! पुन्हा खरवडा. चौथ्यांदा एकदाचा बसला. सगळं इंजन हिरवंगार झालं आणि चाचांनी ते परत गाडीत बसवलं. मी पत्र टाइप केलं, ‘मूळ रंग हिरवा, सर्वांत खालच्या थरावरून निश्चित केला’, साहेबांची सही घेतली, टपालात टाकलं. टाइप करताना ‘निश्चित’ शब्दाला माझी बोटं जराही अडली नाहीत, तेच आता आठवतं.

घरी आबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ते दिवसभर दारात बसून शेजाऱ्याच्या पंपाचे पार्ट पुसायचे. दाढी वाढलेली.

कार्यक्रम दहा दिवसांवर आला. ट्रकवर बसायला नवीन ड्रायव्हर तयार केला होता. त्याला त्या जुन्या गाडीचे गिअर पडेनात, चेअरमनसाहेब वैतागलेले. त्यात त्यांना वाटलं, इंजनाच्या अंगावर जी पितळी पट्टी आहे, नंबर कोरलेली, ती चमकली पाहिजे. इतके दिवस ती पट्टी आम्ही काढली नव्हती. स्क्रू बारीक, रंगाखाली बुजलेले. आणि नंबराची पट्टी तुटली तर नवी कुठनं आणायची, म्हणून तिच्या कडंकडंनं ब्रश फिरवला होता. चाचांनी आता स्क्रूवर रॉकेल सोडलं, दोन तास तसंच ठेवलं आणि एकेक करून काढले.

मी ऑफिसात होते. त्यांनी हमालाकडनं निरोप धाडला, ताबडतोब ये. पळत गेले. चाचा उघड्या बॉनेटशी मडगार्डवर बसले होते, पट्टी हातात.

“बघ.”

पट्टीच्या जागी बोटभर लांबीरुंदीचा एक चौकोन होता. पारवा! पारव्याच्या पाठीसारखा, निळ्याकडं झुकलेला, एवढा ताजा की वाटावं, आत्ताच ब्रश उचललाय. आणि त्याच्या चारी बाजूंनी आमचा चार खेपांचा हिरवा.

मी खालीच बसले. आनंद नाही झाला हो, खरंच सांगते. पहिल्यांदा मनात आलं ते, देवा, आता पुन्हा खरवडायचं.

चाचांनी पट्टी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, “पण हिरवा आला कुठनं? लोखंडाला चिकटलेला होता. मी हयातभर…” आणि उठले, हात पुसले, “चल. उस्तादकडं जाऊ.”

आबा दारातच होते. चाचांनी सायकल भिंतीला टेकवली आणि बसायच्या आधीच म्हणाले, “उस्ताद, पारवा हाय. पट्टीखाली निघाला. चुकलं माझं.”

आबांनी त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. आबा म्हणाले, “बसा. च्या घेता?”

चहा झाल्यावर चाचांनी विचारलं, “मग तो हिरवा कुठनं आला?”

आबांनी कपाळ चोळलं. “हिरवा… पयल्या दसऱ्याला मी पिवळा मारलेला. बैलांच्या शिंगाचा. डबा आटून घट्ट झालता, टर्पेंटाइन न्हवतं, म्हणून त्यात पेट्रोल वतलं.” ते थांबले. “वतलं, आन् ब्रश घासायला लागलो तर खालचा रंगच सुटून वर यायला लागला. ब्रश हिरवा झालता. मला वाटलं, दुकानदारानं भेसळीचा पिवळा दिला. त्याला शिव्या दिलत्या म्या!”

चाचांनी मांडीवर हात मारला. “पेट्रोलनं कंपनीचा रंग विरघळला! निळ्यात पिवळा घुसला, हिरवा होणारच! पट्टीखाली पेट्रोल गेलं न्हाय म्हणून तेवढाच वाचला.”

“आयला,” आबा म्हणाले, “म्हंजी हिरवा म्याच केला.”

आणि दोघं हसायला लागले. दोन म्हातारी माणसं, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत! आईनं आतनं डोकावून बघितलं. मला हसू येईना, मी मनात दिवस मोजत होते.

आबा आले पुन्हा गोदामामागं. पण म्हणाले, “गाडी चालवायचं बोलू नका. पारवा करून देतो, यवढंच.”

इंजन परत खाली उतरवलं, खरवडलं. पट्टीखालचा चौकोन तेवढा सोडून पुन्हा सगळं, लोखंडापर्यंत. ऊन असं की पाना हातात धरवत नव्हता. मी साहेबांकडं रजा मागितली तर म्हणाले, पत्र दुरुस्त करून दे आणि मग जा. मी दुसरं पत्र टाइप केलं, त्यात सगळी हकिगत लिहिली, जुन्या ड्रायव्हरनी आधीच कसं सांगितलं होतं ते. साहेबांनी वाचलं आणि परत दिलं. “रंग कळव फक्त. कहाणी कशाला?” मी कहाणी काढली. एक ओळ राहिली, ‘मूळ रंग पारवा असल्याचे आढळले.’ कोणाला आढळलं, ते नाही. नोकरी पक्की नव्हती ना.

पारवा रंग आबांनीच मिसळला, माझ्या आईच्या पितळी चमच्यानं. पांढऱ्यात काळा, मग निळा, थेंबाथेंबानं. मी पत्र्याच्या तुकड्यावर लावून उन्हात नेऊन धरायची, पट्टीखालच्या चौकोनाशी ताडून बघायची. “उजळ.” पुन्हा. “आता मळका.” पुन्हा. “आबा, हाच!” “वाळू दे. वल्ल्या रंगावर विश्वास ठिवायचा न्हाय.” वाळल्यावर परत दोन थेंब. असे अकरा तुकडे झाले. बारावा लावला तर शेजारी ठेवल्यावर कुठला जुना न् कुठला नवा, चाचांनाही सांगता येईना. रंगवून, तापवून, गार करून, इंजन पुन्हा गाडीत बसवेपर्यंत कार्यक्रम दुसऱ्या दिवसावर आला होता. नवीन ड्रायव्हरनं गाडी मागं घेताना गोदामाच्या पायरीला घासली. चेअरमनसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि आबांकडं बघितलं. आबांनी नजर चुकवली.

सकाळी मी उठले तर आबा दाढी करत होते. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित थांबले असते.

गेटपाशी गर्दी, हलगी, टोप्या, फेटे. आबा पांढरा सदरा घालून आले, नवीन ड्रायव्हरला म्हणाले, “उतर बाबा, तिचा दुसरा गिअर तुला पडायचा न्हाय,” आणि चढून बसले. गाडी चालू केली. पुण्याच्या मंडळींत एक वयस्कर गृहस्थ होते, डोक्यावर कापडी हॅट, त्यांनी हात वर करून थांबवलं. “बॉनेट उघडता का? चालूच राहू द्या.”

चाचांनी उघडलं. ते गृहस्थ वाकून बघत राहिले. चष्मा काढला, पुन्हा घातला. “सुंदर,” म्हणाले, “पण तुमचं पहिलं पत्र हिरव्याचं होतं, दुसरं पारव्याचं. हे कळलं कसं?”

साहेब पुढं झाले. “संस्थेनं बराच पत्रव्यवहार केला. थर तपासले…”

“थरांवरून तर हिरवा आला होता ना? मग पारवा कुणी सांगितला?”

साहेबांनी रुमालानं मान पुसली. चेअरमनसाहेब बघत होते, हमाल बघत होते. साहेब खालच्या आवाजात म्हणाले, “जुन्या ड्रायव्हरनी सांगितलं होतं.”

आबांनी खिडकीतनं डोकं बाहेर काढलं.

“जरा मोठ्यानं सांगा सायेब. इंजन चालू हाय, आयकू येईना.”

चाचांनी जमिनीकडं बघत मिशीतलं हसू दाबलं. साहेब लाल झाले. मग आबांकडं हात करून ओरडलेच, “ह्यांनी! ह्यांनी सांगितला होता! सुरुवातीलाच!”

“व्हय,” आबा म्हणाले. “आता बॉनेट लावा, गाडी तापतीया.”

गाडी हलली, हलगी सुरू झाली, सगळे तिच्यामागं मंडपाकडं गेले. मीही गेले, मागच्या रांगेतली एक लोखंडी खुर्ची ओढली आणि चपला काढून पाय पुढं केले. साहेब माइकपाशी भाषणाचे कागद लावत होते, मीच टाइप केलेले. त्यांचं पहिलं वाक्य संपायच्या आधी मला झोप लागली.